मूळचे कुठले? (वाचकांचे प्रश्न)

गेल्या महिन्यात या सदरात जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की आयसिसकडे सीरियात गेलेल्या शमीमा बेगमचं ब्रिटिश नागरिकत्व सरकारने काढून घेतलं, पण ती जन्मली लंडनमध्ये, वाढली लंडनमध्ये, मग ती बांगलादेशची कशी झाली? त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आलीत की या वेळी पूर्ण सदर याच विषयाला देतेय. काही पत्रं चिडून लिहिलेली आहेत, काही खरंच काळजीने, आणि मला दोन्ही महत्त्वाची वाटतात. नवीन वाचकांसाठी सांगते, मी १९९६ साली लग्न होऊन लेस्टरला आले, वीसेक वर्षं इथल्या पब्लिक लायब्ररीच्या काउंटरवर काढली, आता रिटायर झालेय. कायद्याची तज्ज्ञ नाही मी, पण नागरिकत्वाचा फॉर्म भरताना अडलेली माणसं रोज समोर यायची, सोमाली, गुजराती मुसलमान, पोलिश, आपली मराठी पोरंसुद्धा, आणि त्यातल्या बहुतेकांच्या हातात त्या २४ प्रश्नांच्या परीक्षेचं पुस्तक असायचं, ते पुस्तक शेल्फवर कधी टिकलंच नाही. त्यामुळे हा विषय मला लांबचा वाटत नाही.

प्रश्न: ७ जुलै २००५ ला लंडनमध्ये बॉम्ब फोडणारे तिथेच लहानाचे मोठे झालेले होते म्हणे. ज्या देशाने शाळा दिली, दवाखाना दिला, त्याच्यावरच उलटले. असे लोक त्या देशाचे कसे म्हणायचे? – एक वाचक, नाशिक

उत्तर: चौघांपैकी तिघं इंग्लंडमध्येच जन्मलेले, घरचे पाकिस्तानातून आलेले, आणि वाढले लीड्समध्ये. चौथा जमैकात जन्मला, लहानपणी आईबरोबर इकडे आला आणि पुढे मुसलमान झाला. त्यांचा म्होरक्या मोहम्मद सिद्दीक खान तीस वर्षांचा, प्राथमिक शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत करायची नोकरी करायचा. हसीब हुसेन तर फक्त अठराचा. तीन भुयारी गाड्या आणि ३० नंबरची एक बस, ५२ माणसं मेली, सातशेच्या वर जखमी, आणि मेलेल्यांत मुसलमानही होते. आदल्याच दिवशी २०१२ चं ऑलिम्पिक लंडनला मिळालं म्हणून लोक रस्त्यावर नाचत होते हो.

तो दिवस मी विसरू शकत नाही कारण माझे मिस्टर त्या दिवशी कामासाठी लंडनला होते, फोन लागत नव्हते, दुपारी चार वाजता त्यांचा आवाज ऐकला तेव्हा मी लायब्ररीच्या मागच्या खोलीत खालीच बसले. पुढच्या आठवड्यात परत त्यांना जायचंच होतं. तेव्हापासून त्यांनी एक सवय लावून घेतली, ट्यूबमध्ये बसलं की पाठीवरची सॅक मांडीवर घ्यायची आणि चेन उघडी ठेवायची, म्हणजे आतला डबा आणि फाईल समोरच्याला दिसेल. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना असं करायला. समोरची बाई उठून दुसऱ्या डब्यात गेली होती एकदा, तेवढं पुरलं. आणि २२ जुलैला स्टॉकवेल स्टेशनवर पोलिसांनी एकाला डोक्यात गोळ्या घालून मारलं, जाँ शार्ल द मेनेझेस, २७ वर्षांचा ब्राझीलचा इलेक्ट्रिशियन, ना मुसलमान ना आशियाई. संशयितासाठी ज्या इमारतीवर पाळत होती त्याच इमारतीत तो राहायचा इतकंच. पुढे पोलीस दलाला दंड झाला १ लाख ७५ हजार पौंड, तोही आरोग्य आणि सुरक्षेच्या कायद्याखाली, एकाही अधिकाऱ्यावर वैयक्तिक खटला चालला नाही.

आता तुमचा मुद्दा. लीड्स ज्या भागात येतं त्या यॉर्कशायरमधले खूपसे पाकिस्तानी मूळचे पाकिस्तानकडच्या काश्मीरमधल्या मीरपूर भागातले. साठच्या दशकात तिकडे मंगला धरण झालं, लाखभर माणसं उठवली गेली, आणि त्याच काळात ब्रॅडफर्ड-लीड्सच्या कापड गिरण्यांना रात्रपाळीला माणसं हवी होती. गिरण्या पुढे बंद पडल्या, माणसं तिथेच राहिली. ही पार्श्वभूमी आहे, पण यातून बॉम्ब आपोआप तयार होतो असं मी अजिबात म्हणणार नाही, कारण त्याच गल्ल्यांतून नर्सेस, टॅक्सीवाले, डॉक्टर, नगरसेवक सगळे निघालेत. खानने मरण्याआधी व्हिडिओ करून ठेवला होता, अस्सल यॉर्कशायरच्या उच्चारात, त्यात तो परदेशातल्या मुसलमानांवरच्या अत्याचाराचा बदला म्हणून बोलतो. पण इराक युद्धाविरुद्ध १५ फेब्रुवारी २००३ ला लंडनमध्ये लाखो लोक चालले, त्यात हजारो मुसलमान होते, लेस्टरहूनही बसेस भरून गेल्या होत्या. तोच राग त्यांनाही होता, ते बॅनर घेऊन चालले आणि संध्याकाळी घरी आले. म्हणून खानने जे केलं ते त्याचं, खून म्हणजे खून. पण तो कुठला म्हणाल तर तो लीड्सचाच, आणि हे मान्य करणं ब्रिटनला फार जड गेलं, कारण बाहेरून आलेल्या शत्रूला सीमेवर अडवता येतं, आपल्याच शाळेत शिकलेल्याचं काय करायचं हा प्रश्न उरतो. त्यानंतर आजपर्यंत सगळी भांडणं तिथूनच सुरू झालीत.

प्रश्न: एवढे हल्ले झाले, पण मुसलमान समाज उघडपणे निषेध का करत नाही? शांत बसतात म्हणजे मनातून पाठिंबाच असणार ना? – एक वाचक, स्लाऊ

उत्तर: निषेध करतात, दर वेळी करतात, आपल्यापर्यंत तो पोचत नाही कारण हल्ल्याची बातमी आठवडाभर चालते आणि निषेधाची दोन मिनिटं. ३ जून २०१७ ला लंडन ब्रिजवर आठ जणांना मारलं, तेव्हा १३० हून जास्त इमामांनी जाहीर केलं की आम्ही हल्लेखोरांच्या जनाज्याची नमाज पढणार नाही. कितीही वाईट माणूस असला तरी शेवटची नमाज सहसा नाकारत नाहीत, त्यामुळे हे किती टोकाचं पाऊल होतं ते विचार करा. त्यातल्या एका हल्लेखोराबद्दल तर त्याच्या जवळच्या नातेवाइकानेच २०१५ मध्ये दहशतवादविरोधी हेल्पलाईनला फोन केला होता, पण ती माहिती तपास करणाऱ्यांपर्यंत पोचलीच नाही. म्हणजे घरचा माणूस फोन करतो आणि आपण विचारतो घरचे गप्प का.

पण तुमच्या पत्रातली काळजी मी झटकून टाकणार नाही, कारण धोका खरा आहे. एमआय ५ या ब्रिटनच्या देशांतर्गत गुप्तचर संस्थेच्या प्रमुखांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की त्यांच्या दहशतवादविरोधी कामातला साधारण ७५ टक्के भाग अजूनही इस्लामी अतिरेक्यांचा आहे, उरलेला २५ टक्के अतिउजव्यांचा, आणि २०१७ पासून शेवटच्या टप्प्यावर आलेले ४३ कट उधळले. सीरियाच्या युद्धात इथून नऊशेच्या वर माणसं गेली. अबू हमझा या धर्मगुरूने लंडनच्या फिन्सबरी पार्कच्या मशिदीत वर्षानुवर्षं विष ओकलं, अंजेम चौधरी तर इथेच जन्मलेला, शिकलेला वकील, पंचवीस-तीस वर्षं पोरांची डोकी बिघडवत होता, शेवटी जुलै २०२४ मध्ये जन्मठेप लागली. हे कोणी नाकारत असेल तर ते चुकतात. मला एवढंच दिसतं की या माणसांशी सगळ्यात आधी भांडले ते मुसलमानच. फिन्सबरी पार्कची मशीद त्याच भागातल्या लोकांनी २००५ मध्ये परत ताब्यात घेतली, नवी कमिटी आली, कुलपं बदलली. आणि १९ जून २०१७ ला त्याच भागात एका गोऱ्या माणसाने रमजानची नमाज आटपून निघालेल्यांवर व्हॅन घातली, एकजण गेला, जमाव हल्लेखोराला मारायला धावला, तेव्हा इमाम मोहम्मद महमूद मध्ये उभे राहिले, 'कोणी हात लावायचा नाही' म्हणून त्याला पोलीस येईपर्यंत वाचवून ठेवलं. हल्लेखोर कोर्टात उभा राहिला तो या इमामामुळे.

मी काउंटरवर होते तेव्हा प्रत्येक हल्ल्यानंतरच्या सकाळी एक गोष्ट व्हायची. नेहमीच्या मुस्लिम बायका पुस्तकं परत करायला यायच्या आणि कोणी विचारलं नसताना 'आम्हाला फार वाईट वाटलं' असं म्हणायच्या. जो कॉक्स या खासदार बाईंना जून २०१६ मध्ये एका अतिउजव्या गोऱ्या माणसाने मारलं, दुसऱ्या दिवशी एकही गोरी बाई माझ्याकडे येऊन असं बोलली नाही, आणि बोलायची गरज पण नव्हती, कारण त्यांना कोणी त्या खुन्याच्या रांगेत उभं केलेलं नव्हतं.

प्रश्न: ताई, शमीमा बेगमबद्दल तुम्हाला एवढा कळवळा का? ती स्वतःच्या पायाने आयसिसकडे गेली. नागरिकत्व गेलं ते बरंच झालं की. आणि आपल्यासारख्या हिंदू मराठी लोकांचा या कायद्याशी काय संबंध? – एक वाचक, हॅरो

उत्तर: कळवळा तिच्यापेक्षा पासपोर्टबद्दल आहे म्हटलं तरी चालेल, पण तिच्यापासूनच सुरू करू. फेब्रुवारी २०१५ मध्ये बेथनल ग्रीनच्या शाळेतल्या तीन मुली गॅटविकहून इस्तंबूलला विमानाने गेल्या आणि तिथून सीरियात. शमीमा पंधरा वर्षांची होती. तिथे पोचल्यावर काही दिवसांत लग्न, तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली, शेवटचं बाळ मार्च २०१९ मध्ये सीरियातल्या निर्वासितांच्या छावणीत न्यूमोनियाने. त्याच्या आधी फेब्रुवारीत एका पत्रकाराला ती छावणीत सापडली, तेव्हाची तिची मुलाखत मी पाहिली आणि मला पण संताप आला, पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. त्यानंतर काही दिवसांत गृहमंत्री साजिद जाविद यांनी तिचं नागरिकत्व काढलं, ते स्वतः पाकिस्तानातून आलेल्या बस ड्रायव्हरचे चिरंजीव.

कायदा असा आहे. १९८१ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ४० खाली गृहमंत्र्यांना सार्वजनिक हितासाठी योग्य वाटलं तर नागरिकत्व काढता येतं, आधी कोर्टात गुन्हा शाबीत व्हायची अट नाही. हा सोपा निकष २००६ मध्ये आणला गेला, लंडनच्या हल्ल्यांनंतर. अडसर एकच, माणूस पूर्ण देशहीन व्हायला नको. मग शमीमाचं कसं काढलं? तर तिचे आईवडील बांगलादेशातून आलेले, तिथल्या कायद्याप्रमाणे तिला वंशाने बांगलादेशचं नागरिकत्व मिळतं असं सरकारने धरलं. ती कधी बांगलादेशात गेली नव्हती, तिथला पासपोर्ट नव्हता, आणि बांगलादेशने लगेच सांगितलं की ही आमची नाही, आम्ही घेणार नाही. ब्रिटनमधल्या कोर्टांमध्ये ती शेवटी हरली. २०२३ मध्ये ट्रिब्युनलने मानलं की तिला फसवून, शोषणासाठी नेलं असावं असा विश्वासार्ह संशय आहे, तरी अपील फेटाळलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अपील कोर्टाने म्हटलं की निर्णय कठोर आहे असं कोणी म्हणेल, तिनेच ओढवून घेतलं असंही कोणी म्हणेल, पण आमचं काम फक्त तो कायदेशीर आहे का ते बघण्याचं. ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने पुढची परवानगी नाकारली, आता प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपियन मानवाधिकार कोर्टात आहे.

माझं म्हणणं साधं आहे. तिला परत आणा, विमानतळावर अटक करा, लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी कोर्टात उभी करा, दोषी ठरली तर वीस वर्षं आत टाका, मी एक अक्षर बोलणार नाही. पण जो कॉक्सना मारणारा थॉमस मेअर किंवा फिन्सबरी पार्कला व्हॅन घालणारा डॅरेन ऑसबोर्न, यांना जन्मठेप झाली आणि ते ब्रिटिशच राहिले, कारण त्यांना ढकलायला दुसरा देशच नाही. म्हणजे गुन्हा काय केला यावरून फरक पडत नाही, आजोबा कुठले यावरून पडतो. आपल्याकडे माणूस भेटला की पहिला प्रश्न 'मूळचे कुठले', आपण तो आपुलकीने विचारतो, पण तोच प्रश्न गृहखात्याने विचारला की त्याचं उत्तर शिक्षा ठरवतं. गोरा माणूस यात येतच नाही असं नाही हं, ऑक्सफर्डचा जॅक लेट्स आयसिसकडे गेला, त्याचंही ब्रिटिश नागरिकत्व काढलं कारण वडिलांकडून तो कॅनेडियन होता, आणि कॅनडाचं सरकार वैतागलं की तुमचा कचरा आमच्या दारात का टाकता. याला सुरक्षा म्हणायचं का? माणूस तिकडेच अडकलेला, धोका असेल तर तोही तसाच, फक्त जबाबदारी दुसऱ्यावर.

आणि हो, एकटीदुकटीचं प्रकरण नाही हे, २०१७ या एका वर्षात अशी १०४ नागरिकत्वं काढली गेली. २०२२ च्या कायद्याने तर काही परिस्थितीत त्या माणसाला आधी न कळवताही काढता येतं.

आता आपला संबंध. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे इथे जन्मलेल्या आणि फक्त ब्रिटिश असलेल्या आपल्या मुलांना आजच्या कायद्याने असं काढता येत नाही. पण तुम्ही-आम्ही, जे अर्ज करून, टाऊन हॉलमध्ये शपथ घेऊन ब्रिटिश झालो, त्यांच्यासाठी २०१४ मध्ये वेगळं कलम आलं. देशाच्या महत्त्वाच्या हिताला फार मोठा धोका पोचवला असेल, आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळवता येईल असं गृहमंत्र्यांना सकारण वाटलं, तर देशहीन होत असलो तरी काढता येतं. ओसीआय कार्डवाल्याला (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतं ते कार्ड) ठरावीक वर्षांनी, भारतात राहून, परत भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो हे तुम्हाला माहीतच असेल. त्याचा अर्थ उद्या कोणी कसा लावेल? तुम्ही काही केलं नाही, मी पण नाही, ते आपल्याला लागणारही नाही बहुतेक. पण माझ्या शपथेच्या दिवशी खुर्चीवर शेजारी एक सोमाली आजोबा होते, कागद हातात थरथरत होता, राणीच्या फोटोसमोर आम्ही दोघांनी तेच शब्द म्हटले, तेच शेंगदाणे-ज्यूस घेतलं. तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं की तुमचा हा कागद तिकडच्या गोऱ्या बाईच्या कागदापेक्षा थोडा कच्चा आहे.

प्रश्न: मी १९७१ पासून कॉव्हेंट्रीत आहे. तेव्हा आमच्या फॅक्टरीत आयरिश लोकांची जी गत व्हायची ती आज मुसलमानांची होते असं वाटतं. तुलना बरोबर आहे का? – एक ज्येष्ठ वाचक

उत्तर: काका, तुम्ही डोळ्याने पाहिलंय, मी फक्त भर घालते. २१ नोव्हेंबर १९७४ ला बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये आयआरएचे (उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून वेगळं करायला लढणारी सशस्त्र संघटना) बॉम्ब फुटले, २१ माणसं मेली, आणि आठवडाभरात दहशतवाद प्रतिबंधक कायदा पास झाला. नाव 'तात्पुरत्या तरतुदी', चालला मात्र २००० पर्यंत, आणि मग त्याच्या जागी कायमचा आला. त्यात सात दिवस डांबून ठेवता यायचं, आणि सरकार उत्तर आयर्लंडच्या माणसाला, तो ब्रिटिश नागरिक असला तरी, इंग्लंडमधून हद्दपार करून तिकडे पाठवू शकायचं, एकाच देशाच्या आत! बॉम्बसाठी सहा आयरिश माणसं पकडली, त्यांनी सोळा वर्षं तुरुंगात काढली, १९९१ मध्ये कळलं की ते निर्दोष होते. खरे गुन्हेगार मोकळेच राहिले, आणि मेलेल्या २१ जणांच्या घरच्यांना आजही न्याय नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

फरक एक आहे. आयरिश माणूस तोंड उघडेपर्यंत ओळखू यायचा नाही, पुढच्या पिढीचा उच्चार बदलला की संपलं. कातडीचा रंग आणि नाव पिढी बदलली म्हणून जात नाही.

प्रश्न: माझा मुलगा इथे जन्मला पण मॅच असली की निळा टीशर्ट. ऑफिसमधला एकजण म्हणाला, मग तू ब्रिटिश कसला? मला उत्तर सुचलं नाही. – एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर: हा प्रश्न नवा नाही. १९९० मध्ये नॉर्मन टेबिट या हुजूर पक्षाच्या नेत्याने हीच 'क्रिकेट टेस्ट' काढली होती, आशियाई लोक मॅचला कोणाच्या बाजूने ओरडतात ते बघा म्हणून. हे टेबिट स्वतः १९८४ च्या ब्रायटनच्या आयआरए बॉम्बमध्ये जखमी झालेले, त्यांच्या बायकोला कायमचं अपंगत्व आलं, त्यामुळे त्यांच्या दुःखाबद्दल मला आदर आहे. पण ही परीक्षा चूक आहे. ऑस्ट्रेलियात राहणारा इंग्लिश माणूस ॲशेसला इंग्लंडच्याच बाजूने ओरडतो, त्याला कोणी गद्दार म्हणत नाही. तुमच्या सहकाऱ्याला एवढंच सांगा.

पण एक गोष्ट आपण आपल्याला पण विचारायला हवी. सप्टेंबर २०१४ मध्ये एजबॅस्टनला भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी होती, मोईन अली बॅटिंगला आला आणि भारताच्या पाठीराख्यांनी त्याला हुर्यो केला. तो बर्मिंगहॅमचा पोरगा, ते त्याचं घरचं मैदान, छातीवर इंग्लंडचे तीन सिंह, आणि हुर्यो करणारे बहुतेक ब्रिटनमध्येच राहणारे, आपल्यासारखे. का, तर नाव मुसलमान आणि आजोबा मीरपूरचे. माझी मुलगी त्या स्टँडमध्ये होती, घरी आली ती गप्पच होती, मग म्हणाली, आई, माझ्या मागच्या रांगेतले मराठीत बोलत होते.

प्रश्न: मुलाच्या वर्गातल्या एका मुस्लिम मित्राला शाळेने बोलावून तो काय बोलला, कुठले व्हिडिओ बघतो वगैरे विचारलं. त्याची आई घाबरलीय. हे काय प्रकरण आहे? – एक वाचक, रेडिंग

उत्तर: ही सरकारची 'प्रिव्हेंट' योजना असणार. कोणी अतिरेकाकडे ओढला जातोय असं दिसलं तर आधीच थांबवायचं, ही कल्पना. २०१५ च्या कायद्याने शाळा, दवाखाने, कौन्सिल सगळ्यांवर ते बंधनकारक झालं. त्या आईला आधी हे सांगा की हा गुन्हा नोंदवलेला नाही, मुलगा आरोपी नाही, आणि पुढे 'चॅनल' म्हणून जो मदतीचा टप्पा असतो त्यात जायचं की नाही ते ऐच्छिक असतं, अठराच्या आतल्या मुलासाठी पालकांची संमती लागते. शाळेकडून काय नोंदवलंय ते लेखी मागायचं, एकटीने मीटिंगला जायचं नाही, कोणाला तरी बरोबर न्यायचं.

योजना पूर्ण वाईट आहे असं मी म्हणत नाही, एखाद्या शिक्षकाचं लक्ष गेलं म्हणून कोणी वाचत असेल तर चांगलंच की. आणि हल्ली तिकडे येणाऱ्या प्रकरणांत अतिउजव्या विचारांची मुलं इस्लामीवाल्यांपेक्षा जास्त आहेत, सगळ्यात मोठा गट तर ठरावीक विचारच नसलेल्यांचा. पण आम्हाला लायब्ररीत ट्रेनिंग दिलं तेव्हा पडद्यावरचं उदाहरण होतं दाढी वाढवलेल्या, अचानक धार्मिक झालेल्या मुलाचं, आणि माझ्या शेजारी बसलेल्या मुस्लिम सहकाऱ्याने दाढी नुकतीच वाढवली होती. त्याने पूर्ण तास मान वर केली नाही. दुसऱ्या बाजूला, साउथपोर्टमध्ये तीन चिमुरड्यांना मारणाऱ्या मुलाला २०१९ ते २०२१ मध्ये तीन वेळा प्रिव्हेंटकडे पाठवलं होतं, आणि विचारसरणी ठरत नाही म्हणून तिन्ही वेळा फाईल बंद. दाढी शोधत बसलं की सुरी दिसत नाही.

प्रश्न: ऑगस्ट २०२४ च्या दंगलीत शेजारचं मुस्लिम कुटुंब आठ दिवस घराबाहेर पडलं नाही. जावंसं वाटत होतं पण काय बोलावं कळेना, म्हणून गेले नाही. अजून मनाला लागून राहिलंय. – एक वाचक, बोल्टन

उत्तर: साउथपोर्टला २९ जुलैला त्या तीन मुलींचा खून झाला आणि काही तासांत सोशल मीडियावर खोटं नाव पसरलं, की हल्लेखोर मुसलमान आहे, बोटीतून आलेला निर्वासित आहे. प्रत्यक्षात तो कार्डिफमध्ये जन्मलेला, आईवडील रवांडाचे, मुसलमान नव्हेच. पण दुसऱ्या संध्याकाळी साउथपोर्टच्या मशिदीवर विटा पडल्या, पोलिसांची गाडी जळाली, मग गावोगाव. पुढच्याच दिवशी तिथलेच गवंडी आणि शेजारीपाजारी मशिदीची पडलेली भिंत बांधायला आले, हेही झालं. लेस्टरला आम्हाला अफवेची धग २०२२ मध्येच कळली होती, आशिया कपच्या मॅचनंतर हिंदू-मुसलमान पोरं समोरासमोर आली, एका मुलीला पळवायचा प्रयत्न झाला म्हणून मेसेज फिरला, पोलिसांनी सांगितलं असं काही घडलंच नाही, तोवर व्हायचं ते झालं होतं. आपल्या मराठी ग्रुपवरही तेव्हा काय काय आलं ते मी वाचलंय, आणि त्यातलं काही मी न तपासता पुढे पाठवलं होतं, त्याची मला लाज वाटते.

२०२४ ला आमच्या शेजारच्या खाला, मूळच्या भरूचच्या, सत्तरी ओलांडलेल्या, त्यांनी पुढच्या खिडकीला आतून कपाट लावलं होतं. ७ ऑगस्टच्या बुधवारी देशभर हल्ले होणार म्हणून यादी फिरत होती. मी पण काय बोलायचं ते ठरवून गेले नव्हते, संध्याकाळी गेले आणि बसले. टीव्ही चालू होता. दंगलखोर येतील म्हणून वाट बघत होते तिथे लंडनमधल्या वॉल्थमस्टोच्या रस्त्यावर हजारो माणसं उतरली होती, गोरी, काळी, सगळी, आणि दंगल करणारे आलेच नाहीत. खाला बराच वेळ बघत राहिल्या, मग मला म्हणाल्या, तुझी पोरगी लिव्हरपूलला असते ना, फोन लाव तिला. मी लावला. त्यांनी तिला एवढंच विचारलं की रात्री स्टेशनवरून एकटी येतेस का, कोणी सोबत आहे का.

तुम्ही आजही जाऊ शकता. उशीर झाला असं काही नसतं यात, 'तेव्हा यायचं होतं, आले नाही' हेच बोला. आणि निघताना त्यांचा नंबर घ्या, तुमचा द्या.